जास्वंदीपासून वीतभर लांब

वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४३. घरी शेती, दोन म्हशी, नवरा आणि सासूबाई. मुलगी शिकायला नागपूरला. अंगणात आणि घरामागच्या वाडीत त्यांनी जास्वंद, गोकर्ण, तगर, झेंडू, शेवंती, गुलबक्षी, पारिजातक अशी बरीच झाडं लावली आहेत आणि दोन वर्षांपासून त्या फुलांचे मोबाईलवर जवळून फोटो काढतात. फोटो मनासारखे येत नाहीत. जवळ गेलं की फूल धूसर होतं. लाल जास्वंद म्हणजे नुसता लाल डाग, पाकळीवरची एक रेष दिसत नाही. मागे हटकून पाण्याची टाकी नाहीतर दोरीवरचे कपडे येतात. नात्यातल्या गटावर फोटो टाकला की उत्तरादाखल जोडलेले हात येतात, बाकी कोणी काही बोलत नाही. भाचा सांगतो, "मामी, मोबाईलनं नाही होत ते, कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स घे." (मॅक्रो लेन्स म्हणजे अगदी जवळची वस्तू मोठी टिपणारी लेन्स.) बचत गटातून आणि दुधातून त्यांनी ३८ हजार बाजूला टाकले आहेत. सासूबाई म्हणतात, "फुलं देवाले आणली का त्या मोबाईलले?" ताई विचारतात, "कॅमेरा घ्यावा की या वयातलं हे खूळ सोडून द्यावं?" सोबत मुलीकरवी अकरा फोटो ईमेलने पाठवले आहेत. त्यातल्या एकाखाली लिहिलंय, "हा चुकून आला, बघू नका."

ताई, नमस्कार.

तुमचे फोटो मी दोनदा पाहिले. एकदा चहा घेताना, सहज. दुसऱ्यांदा चष्मा पुसून, आणि तेव्हा फोटोंपेक्षा त्यांच्यामागची नोंद जास्त पाहिली. मोबाईल प्रत्येक फोटोसोबत वेळ लिहून ठेवतो. तुमच्या अकरापैकी नऊ फोटो सकाळी १०.५० ते १२.१५ या वेळातले आहेत. एक दुपारी साडेतीनचा. अकरावा म्हणजे तो 'बघू नका'वाला, त्याच्याकडे शेवटी येतो.

अकरा वाजताच का, हे मला विचारायची गरज वाटली नाही. सडा, सारवण, पाणी, म्हशी, डबे, स्वयंपाक आवरून हात रिकामे व्हायला अकरा वाजतातच. "कोवळ्या उन्हात फोटो काढा" हा सल्ला तुम्ही कुठेतरी वाचला असेल आणि वाचून वैतागलाही असाल. सल्ला खरा आहे. फक्त तो देणाऱ्याच्या घरी पहाटे दूध काढायला बहुधा दुसरं कोणीतरी असतं. तेव्हा मी अकरा वाजताच्या तुमच्या वेळेपासूनच सुरुवात करतो.

त्याआधी एक काम करा. मोबाईल उलटा करून लेन्सची काच उजेडात तिरपी धरून पाहा. तुमच्या चार फोटोंवर दुधट झाक आहे, आणि ती फोकस चुकल्याची नाही. कणकेच्या, तेलाच्या, हळदीच्या बोटांनी काच पुसली जाते आणि तिच्यावर पातळ थर बसतो. धुतलेल्या मऊ सुती कापडाने ती काच रोज पुसा. पदराने नको, त्याच्यावर दिवसभराची धूळ असते.

आता जवळ जाण्याबद्दल. 'जवळून फोटो' या शब्दानेच तुमची फसगत केली आहे. फूल मोठं दिसायला हवं म्हणून तुम्ही मोबाईल फुलाच्या तोंडाशी नेता. पण प्रत्येक लेन्सला एक हद्द असते, तिच्या आत आलेली वस्तू तिला स्पष्ट दिसतच नाही. आपण पुस्तक नाकाला लावलं की अक्षरं विरघळतात, तसंच. बहुतेक मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्याची ही हद्द आठ-दहा सेंटिमीटरच्या आसपास असते, काहींची त्याहून लांब. तुमच्या मोबाईलची हद्द तुम्हीच मोजा. भिंतीवरचं पंचांग घ्या, त्यातल्या बारीक अक्षरांवर मोबाईल धरा आणि हळूहळू जवळ न्या. ज्या जागी अक्षरं फुटायला लागतील तिथे थांबा आणि मधलं अंतर बोटांनी मोजा. चार बोटं, सहा बोटं, अर्धी वीत, जे येईल ते लक्षात ठेवा. जवळ नेताना चित्र मध्येच उडी मारल्यासारखं हललं, तर समजा की मोबाईलने गुपचूप दुसरा कॅमेरा लावला. स्वस्त मोबाईलमधला 'मॅक्रो' नावाचा २ मेगापिक्सेलचा कॅमेरा बहुतेक वेळा नावापुरताच असतो. तो वापरू नका.

मग फूल मोठं कसं येणार? मागे सरकून. वीतभर लांब उभं राहा, दुप्पट झूम करा, फोटो काढा आणि नंतर कडा कापून टाका. मुख्य कॅमेऱ्याच्या फोटोत कापायला पुरेसा ऐवज असतो. लांब राहिल्याचा आणखी एक फायदा असा की मोबाईलची आणि तुमच्या डोक्याची सावली फुलावर पडत नाही. तुमच्या सहाव्या फोटोतली शेवंती अर्धी काळी आहे, ती सावली तुमचीच आहे, ताई.

पण हद्द पाळूनही जास्वंद पूर्ण स्पष्ट येणार नाही, आणि यात मोबाईलचा दोष कमी, जास्वंदीच्या घडणीचा जास्त. मी तालुक्याच्या गावी तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळू द्या. जास्वंदीचे पुंकेसर सुटे नसतात. ते एकमेकांना जुळून त्यांची नळी होते, त्या नळीच्या आतून स्त्रीकेसराचा दांडा जातो आणि टोकाला पाच मखमली ठिपके उमलतात. ती कुक्षी. हा सगळा दांडा पाकळ्यांच्या बुडापासून चांगला पाच-सात सेंटिमीटर बाहेर येतो. तुम्ही समोरून फोटो काढता तेव्हा कुक्षी तुमच्याकडे आणि पाकळ्या मागे. जवळून पाहताना लेन्सला स्पष्टपणाची एक पातळ चकतीच मिळते, पापडाएवढी. ती चकती एकतर कुक्षीवर ठेवा नाहीतर पाकळीवर, दोन्हीकडे पुरत नाही.

तुमच्या भाच्याने न सांगितलेली गोष्ट इथेच आहे. महागाची मॅक्रो लेन्स घेतली की ही चकती जाड होत नाही, उलट आणखी पातळ होते. मोठ्या सेन्सरच्या (सेन्सर म्हणजे उजेड टिपणारा आतला पडदा) कॅमेऱ्यावर फूल खऱ्या आकाराएवढं टिपायचं म्हटलं, तर लेन्सचं उजेड घेणारं छिद्र एफ-८ एवढं बारीक ठेवूनही जेमतेम १ मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. सात सेंटिमीटरचा दांडा आणि एक मिलिमीटरचा पापड! अशा कॅमेऱ्याने फोटो काढणारे लोक फोकस थोडा थोडा सरकवत वीस-तीस फोटो काढतात आणि संगणकावर ते एकमेकांवर चढवून एक करतात. मोबाईलचा सेन्सर छोटा असल्यामुळे त्याच चौकटीत त्याला खोली जास्त मिळते. म्हणजे या एका बाबतीत तुमच्या हातातलं यंत्र कॅमेऱ्यापेक्षा सोयीचं आहे.

उपाय साधा आहे. समोरून काढू नका, बाजूने काढा. जास्वंदीचा दांडा मोबाईलच्या पाठीला समांतर येईल असे उभे राहा. मग कुक्षी, परागाचे पिवळे दाणे आणि देठाकडचा गडद भाग एकाच अंतरावर येतात आणि एकाच चकतीत बसतात. हाच हिशेब प्रत्येक फुलाला लावता येतो. गोकर्ण आणि सदाफुली सपाट, त्यांना समोरून भिडा. झेंडू म्हणजे मुळात एक फूल नव्हेच, शेकडो चिमुकल्या फुलांचा गेंद, त्याला थोडं वरून तिरपं पाहा आणि सर्वांत जवळच्या कडेवर फोकस ठेवा. स्क्रीनवर बोट टेकवलं की फोकस तिथे जातो, बोट दाबून धरलं की तो कुलूपबंद होतो. 'पोर्ट्रेट' नावाची सोय मात्र फुलांना लावू नका. ती पार्श्वभूमी खोटी धूसर करते आणि तसं करताना परागांचे बारीक तंतू खाऊन टाकते. तुमच्या दुसऱ्या फोटोतल्या जास्वंदीची मिशी तिनेच कापली आहे.

आता लाल डाग. भांडं काठोकाठ भरलं की वरून ओतलेलं पाणी सांडतं, ते किती होतं हे मागून कळत नाही. सेन्सरमध्ये लाल, हिरवा आणि निळा यांची वेगवेगळी मापं असतात. भर उन्हातली लाल जास्वंद लालचं माप ताबडतोब भरून टाकते, बाकीची दोन रिकामीच. मोबाईल सरासरी पाहून म्हणतो, उजेड ठीक आहे. पण लालमधले चढउतार, म्हणजे तुम्ही शोधता त्या पाकळीवरच्या रेषा, सांडून गेलेल्या असतात. नंतर कितीही रंग फिरवा, त्या परत येत नाहीत. म्हणून फोटो काढण्याआधी स्क्रीनवर बोट टेकवल्यावर जे सूर्याचं चिन्ह दिसतं ते खाली ओढा. फोटो जरा अंधारा वाटेल, वाटू द्या. पाकळीची शीर दिसली की थांबा. हिरव्यागार पानांत बसलेल्या पांढऱ्या तगरीलाही हेच करा, कारण गडद पानं पाहून मोबाईल उजेड वाढवतो आणि तगर जाळतो. उलट पांढऱ्या भिंतीसमोर पांढरा मोगरा धरला तर तो मळकट येतो, तिथे सूर्य वर न्या. आणि मोबाईलमध्ये रंग भडक करणारी जी 'एआय' वगैरे सोय असते ती बंद करा. जास्वंदीला आणखी लाल करण्याची गरज आजवर कोणाला पडलेली नाही.

हे सगळं केलंत तरी अकराचं ऊन हे अकराचं ऊनच राहणार. आपल्याकडे पावसाळा संपला की आश्विनातलं ऊन कसं चटका देतं ते मी काय सांगू. या उन्हात फूल अर्धं पांढरं आणि अर्धं काळं दिसतं. मग फूल उन्हातून बाहेर काढा.

तुमच्या घराला ओसरी आहे, दोन फोटोंत तिचा खांब दिसतो. सपरी म्हणत असाल तर सपरी. बाहेर रणरणतं ऊन आणि आत सावली अशा जागी, उंबऱ्यापासून दोन हात आत, अंगणातून परतलेला जो मऊ उजेड येतो तो फुलांच्या फोटोसाठी फार चांगला असतो. तो एका बाजूने येतो, म्हणून पाकळीला गोलाई येते. मोठ्या जागेतून येतो, म्हणून सावल्यांना धार नसते. मुख्य म्हणजे तो अकरा वाजताही तिथेच असतो. पाटावर पितळेच्या छोट्या गडूत फूल उभं करा. उंबऱ्याकडची बाजू उजेडात असते, दुसरी बाजू फार काळी वाटली तर तिकडे पांढरा कागद किंवा थर्माकोलचा तुकडा उभा करा, उजेड उसळून आत जातो. मागे फुटपट्टीभर अंतर सोडून मुलीची जुनी पाटी किंवा काळा ब्लाउजपीस टांगा. टाकी गेली, दोरी गेली, वाराही गेला. मोबाईल डब्याला टेकवून ठेवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे हाताचा थरकापही नाही.

तुम्ही म्हणाल, तोडलेल्या फुलाचा फोटो म्हणजे लबाडी. मलाही तसं वाटायचं. मग मी कार्ल ब्लॉसफेल्ट या जर्मन माणसाची छायाचित्रं पाहिली. १८६५ चा जन्म, बर्लिनमध्ये कलेचा शिक्षक. विद्यार्थ्यांना झाडांच्या घडणी दाखवायच्या म्हणून त्याने फोटो काढायला घेतले. कॅमेरा घरीच तयार केलेला, उजेड नैसर्गिक, मागे साधा कागद. रस्त्याकडेची रानटी झुडपं आणून तो त्यांच्या कळ्या, देठ, वेलींचे आकडे तीसपटीपर्यंत मोठे करून दाखवायचा. छायाचित्रणाचं रीतसर शिक्षण त्याने कधी घेतलं नव्हतं आणि जग त्याला ओळखू लागलं ते साठी उलटल्यावर. तुमच्या पत्रातल्या 'या वयातलं खूळ' या शब्दांपाशी मला तोच आठवला. ४३ हे काही वय आहे का, ताई?

आणि सासूबाईंचा प्रश्न मला वाटतो तितका कडू नाही. त्यांना हिशेब हवाय, फुलं कोणासाठी. पूजेची फुलं तुम्ही पहाटे तोडताच. ती परडीत असतात, देवघरात जायची असतात. परडी देव्हाऱ्याकडे नेताना ओसरीत पाच मिनिटं थांबली तर देवाचं काही कमी होत नाही. फुलं दोघांनाही पुरतात. आणि सहा वाजता तुम्ही फुलं तोडत असता तेव्हा वारा जवळजवळ पडलेला असतो, कारण जमीन तापल्याशिवाय हवा उठत नाही. पाकळी ताजी असते, कार्तिक-मार्गशीर्षात तिच्यावर दवही असतं. तासभर काढा म्हणत नाही. परडीत मोबाईल ठेवा आणि एका फुलापुढे, फक्त एकाच, दोन मिनिटं थांबा. सासूबाईंना सोबत घेता आलं तर फारच छान. कोणतं फूल कधी उमलतं हे त्यांना तुमच्या-माझ्याहून जास्त ठाऊक असणार.

झाडावरचाच फोटो हवा असेल तर दोन-तीन जुगाड सांगतो, हे इतर वाचकांनाही उपयोगी पडतील. डुलणाऱ्या देठाशेजारी बांबूची कामटी रोवा आणि लोकरीच्या धाग्याने देठ सैल बांधा, फोटोत येणार नाही इतकं खाली. उन्हावर जुनं पांढरं धोतर दोघांनी ताणून धरा. रंगीत छत्री धरू नका, लाल छत्रीखाली तगरही गुलाबी होते. पार्श्वभूमी बदलायला झाड हलवता येत नाही, पण आपण हलू शकतो. दोन पावलं डावीकडे किंवा गुडघ्यावर बसून पाहा, टाकीच्या जागी सावलीतली केळ येईल. मागची वस्तू जितकी लांब तितकी ती विरघळते. बसायला पोतं घ्या, आणि बसण्याआधी काठीने झुडूप हलवून घ्या. पावसाळ्यात आणि त्यानंतर कुंपणाशी लोळून फोटो काढण्याची हौस सापाविंचवाला माहीत नसते.

फुलांवर पाण्याचा फवारा मारून खोटं दव करणारे खूप आहेत. काहीजण तर ग्लिसरीन घालतात, थेंब टिकावा म्हणून. मला ते आवडत नाही. का, याला माझ्याकडे मोठा युक्तिवाद नाही. भर दुपारी दव पाहिलं की खेड्यातला माणूस हसतो, एवढंच.

ज्यांच्याकडे बाग नाही असेही बरेच वाचक लिहितात, "आमच्याकडे फुलं कुठली, नुसती शेती." अहो, शेतात काय कमी आहे? जास्वंद, कापूस, भेंडी आणि अंबाडी हे एकाच कुळातले भाऊबंद. आपल्याकडे बहुतेक शेतांत असलेल्या कपाशीचं फूल पहिल्या दिवशी सायीच्या रंगाचं उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. एकाच झाडावर दोन्ही रंग शेजारी दिसतात. पहिल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच फुलाचा, त्याच जागेवरून फोटो काढा. आयुष्यभर कापूस वेचलेल्या लोकांनाही तो नवा वाटेल. रब्बीत कुठे जवस पेरला असेल तर त्याची निळी फुलं सकाळी उघडतात आणि दुपारपर्यंत पाकळ्या गाळून मोकळी होतात. अकरानंतर गेलात तर निळ्या सड्याचाच फोटो मिळेल. काटोल-वरुडकडच्या वाचकांना हिवाळ्याअखेरच्या आंबिया बहाराची पांढरी संत्र्याची फुलं आहेत, गोंदिया-भंडाऱ्याच्या वाचकांना लाखोळी या डाळीच्या पिकाचा निळा आणि मामा (माजी मालगुजारी) तलावातली कमळं. आणि गुलबक्षी! ती दुपारी चारच्या पुढे उघडते. चहा ठेवण्याच्या वेळेला उमलणारं फूल तुमच्या दारात आहे आणि तुम्ही पाठवलेला तिचा एकुलता एक फोटो साडेतीनचा, मिटलेला. अर्धा-पाऊण तास थांबला असतात तर!

शेतात जाताना एक गोष्ट मात्र कडक पाळा. फवारणी झालेल्या कपाशीत लगेच शिरायचं नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपल्या कोणाच्याही विस्मरणात गेलेलं नाही. फुलाला नाक लावून उभं राहायचं तर काल काय फवारलं, हे आधी विचारा.

आता ३८ हजारांचं. घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. पैसे तुमच्या कष्टाचे आहेत आणि ते हौसेवर खर्च करायला कोणाची परवानगी लागत नाही. पण त्या रकमेत नवा कॅमेरा आणि चांगली मॅक्रो लेन्स दोन्ही बसत नाहीत. फार तर कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी लेन्स येईल, आणि तिने फूल तुमच्या मोबाईलइतकंच किंवा त्याहून लहान दिसेल. मग भाचा म्हणेल, आता लेन्स घे. फुलावरची मधमाशी, परागाचा एकेक कण, भिंतीवर लावायचा मोठा फोटो, हे तुम्हाला हवं असेल तर कॅमेरा खरंच लागतो. तुमच्या अकरा फोटोंत एकही किडा नाही. तुम्हाला फूलच हवंय, असं मला दिसतं. चुकत असेन तर लिहा.

मधला रस्ता आहे. मोबाईलला चिमट्याने लावायचं भिंग काही शे रुपयांपासून मिळतं. त्यावर +१० लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ फूल साधारण १० सेंटिमीटरवर ठेवायचं. आकडा वाढला की अंतर कमी होतं, आणि हातही जास्त हलतो. +१० च्या वर जाऊ नका. कोणाचा जुना कॅमेरा उसना मिळाला तर ५० मिलिमीटरच्या लेन्समागे २५ मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब लावा. ती म्हणजे नुसती पोकळ कडी, आत काच नसते, म्हणून स्वस्त, पण फूल खऱ्या आकाराच्या निम्म्याएवढं टिपता येतं. पुढच्या मृगापर्यंत मोबाईलवरच काढा, मग ठरवा. जुनी लेन्स घ्यायची वेळ आली तर तिच्या आरपार टॉर्च मारून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. मी माझी पहिली चांगली लेन्स चामड्याच्या पेटीत घालून कपाटात ठेवली होती, आषाढ ते आश्विन. चामडं ओल धरून ठेवतं हे वनस्पतिशास्त्राच्या मास्तराला, बुरशीवर दरवर्षी धडा शिकवणाऱ्याला, सुचलं नाही. दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी म्हणून पेटी उघडली तर आत माझाच अभ्यासक्रम उगवलेला. तेव्हापासून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो.

गटावरच्या जोडलेल्या हातांचं फार मनावर घेऊ नका. व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं. तुम्ही पाकळीची शीर पाठवता, त्यांना पोहोचतो रंग. पुढच्या वेळी फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, आणि सगळ्या गटाला पाठवण्याऐवजी मुलीला एकटीला पाठवा. तिने तुमचे फोटो ईमेलने धाडताना एकेकाला नीट नाव दिलं होतं, 'आईची गोकर्ण', 'आईची शेवंती'.

राहिला अकरावा. सकाळी ६ वाजून २२ मिनिटांची नोंद आहे. सारवलेल्या अंगणात पडलेला पारिजातक, दहाबारा फुलं, काही पालथी, त्यांचे केशरी देठ आकाशाकडे. मी दाखवलेली एकही चूक यात नाही. फुलं जमिनीवर सपाट पडलेली आणि मोबाईल त्यांना समांतर, म्हणून सगळी एका चकतीत. ऊन अजून अंगणात उतरलेलं नाही, म्हणून पांढरा जळलेला नाही. तुम्ही उभ्या होतात, म्हणजे अंतर भरपूर. आणि मागे टाकी येण्याचा प्रश्नच नाही, मागे तुमच्या हाताने सारवलेली जमीन आहे, तिच्यावर तुमच्या बोटांच्या कमानी उमटल्या आहेत. डाव्या कोपऱ्यात झाडूचं टोक आलंय, ते कापू नका.

हा फोटो पुसून टाकला नसेल अशी आशा करतो. आणि त्या दिवशी सडा-सारवणाच्या वेळी मोबाईल हातात कसा काय होता, तेवढं पुढच्या पत्रात कळवा.